अष्टमीचा उपास

आज अष्टमी. सकाळी पनवेलहून धाकट्या भावाचा, नामाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "आज उपास हाय माझा." मी नुसतं हूं म्हटलं, आणि ओल्या खडकांचा खारट वास नाकाशी आला.

काशीदजवळच्या झोपडीत तेव्हा आम्ही दोघंच होतो. आई वारली होती आणि बाप मुंबईला गेला तो परतलाच नव्हता. मी दहाची, नामा पाचाचा. ओहोटीला खडकांवरची शिंपल्यातली कालवं फोडून आणायची नि शिजवून खायची, यावर आमचं चालायचं. पण अष्टमीच्या सुमारास पाणी फारसं ओसरत नाही, खडक बुडालेलेच राहतात. त्या दिवशी नामा भुकेने रडायला लागला, म्हणून मी सांगितलं, "आज देवाचा उपास हाय. शाणी पोरं खायला मागत न्हाईत." तो गप्प झाला.

दुपारी शेजारची यमुनाकाकी पदराखाली गरम भाकऱ्या घेऊन आली. झोपडीभर वास सुटला. मी हात पुढे करणार, तोच नामा ताठ बसून म्हणाला, "नको काकी. आज आमचा उपास हाय."

"एवढंसं पोर, नि केवढं देवाचं," म्हणत काकीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि भाकऱ्या परत नेल्या. मी हात आवरला. खोटं उघडं पडलं असतं, तर पुढच्या अष्टमीला त्याला काय सांगणार होते?

भावजय कौतुकाने सांगते, यांनी एकही अष्टमी चुकवलेली नाही. कुठल्या देवाचा उपास, असं तिने एकदा विचारलं होतं. नामा म्हणाला, "ते ताईला ठाऊक."