हवालदाराचा राहिलेला अर्धा सिनेमा

मानसिंग हवालदाराचा हात आधी उठायचा आणि तोंड मागनं उघडायचं. कराडच्या खाली, कृष्णाकाठी हे गाव. घरं सातारा जिल्ह्यात आणि निम्मा ऊस सांगली जिल्ह्यात. घरटी एक माणूस फौजेत. असल्या गावात मारक्या माणसाचं कुणाला अप्रूप नसतं. तरी मानसिंगचं होतं, म्हणजे बघा! कंडक्टरनं बायकोला धक्का दिला म्हणून त्यानं एस.टी. थांबवून त्या माणसाला रस्त्यावर उतरवला आणि तिथंच हाणला. पाण्याची पाळी चुकवली म्हणून सख्ख्या चुलतभावाच्या पाठीत खोऱ्याचा दांडा घातला. भाऊ महिनाभर पालथा झोपत होता.

आता ह्या माणसाला डिस्कोच्या सिनेमांचं वेड आहे असं कुणी सांगितलं असतं, तर गावानं सांगणाऱ्यालाच दवाखान्यात नेलं असतं.

पण होतं. आणि सिनेमे तरी कसले? त्या काळातसुद्धा पेपरवाल्यांनी धू धू धुतलेले, चार दिवसांत टॉकीजमधनं उतरलेले. चंदेरी पँट, पांढरे बूट, कपाळाला पट्टी. पायाखाली काचेची फरशी आणि तिच्यात लाल-हिरवे दिवे. हिरो मोटारसायकलवरनं थेट स्टेजवर येणार, गिटारीनं चार गुंडांची टाळकी फोडणार आणि लगेच त्याच गिटारीवर गाणं म्हणणार. एक तार तुटायची नाही! व्हिलनच्या अड्ड्यात मगरींचा हौद, आणि हौदाच्या काठानं वीस बाया नाचतायत. कशाचा कशाला मेळ नाही. मानसिंगला हे कळत नव्हतं थोडंच? मोबाईलकडं बघून तो स्वतःच म्हणायचा, "काय हा भिकारपणा, आं? लाज न्हाई वाटत?" आणि पुढचं गाणं लावायचा.

दुपारचं जेवण झालं की मोटर बघायच्या नावाखाली तो विहिरीवरच्या खोलीत जायचा, आतनं कडी घालायचा आणि कानात वायरी कोंबायचा. बायकोला, मनुबाईला, तेवढं ठाऊक होतं. एकदा भाकरी घेऊन गेली तर खिडकीतनं दिसलं: पंचावन्न वर्षांचा नवरा, अंगात बनियन, एक बोट आभाळाकडं, आणि कंबर अशी लचकतीय! बाई आल्या पावली परत फिरली. तीस वर्षं त्या घरात काढली होती. कवा बोलायचं आणि कवा गिळायचं, हे तिला शिकवायची गरज नव्हती.

ह्या वेडाची सुरुवातच मुळी मारानं झाली. मानसिंग चौदा वर्षांचा असताना शाळा बुडवून कराडला टॉकीजला गेला. सिनेमात दोन भाऊ, लहानपणी ताटातूट झालेले. एक गरिबाघरी वाढतो, दुसरा व्हिलनच्या क्लबात नाचतो. दोघं एकमेकांना न ओळखता त्या दिव्यांच्या फरशीवर समोरासमोर येतात आणि पैज लागते: नाचता नाचता जो आधी थांबेल त्याला गोळी. ढोल सुरू झाला. दोघांचे पाय सुरू झाले. व्हिलननं पिस्तूल काढलं. आणि पडद्यावर आलं, मध्यंतर.

लाईट लागले, तर दारात बाप उभा. अर्जुना पैलवान.

बापानं केसाला धरून त्याला खुर्च्यांच्या रांगांवरनं ओढला. टॉकीजच्या पायरीवर पायताणानं, रस्त्यानं उसाच्या कांड्यानं, स्टँडवर हाताला येईल त्यानं. "नाच्या व्हायचंय व्हय रं तुला? पैलवानाच्या पोटी नाच्या?" माणसं बघत होती, पण अर्जुनाला अडवायची कुणाची छाती? वरचे दोन दात त्या दिवशी पडले. पोरगं रडलं नाही. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं: थांबलं कोण?

तो सिनेमा परत कुठं लागलाच नाही. मानसिंग भरती झाला, जम्मूला गेला, सिलिगुडीला गेला. जिथं जाईल तिथं आडून आडून चौकशी केली. कुणाला नावसुद्धा माहीत नव्हतं. मोबाईल आले तेव्हा पहिलं गाणं तेवढं सापडलं, तेही चिखलातनं बघितल्यासारखं. रात्रपाळीच्या पहाऱ्यावर त्यानं त्या गोष्टीचे पंधरा-वीस शेवट स्वतःच रचले होते. एकही मनाला पटला नाही. हसण्यासारखं आहे, पण माणसाचं असतं एकेकाचं.

हसू नये असं पुढं आहे. मानसिंगचा मुलगा जयराज. नववीला असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यानं नाच बसवला. मानसिंग सुट्टीवर आलेला. फौजी म्हणून शाल-नारळ देऊन त्याला पहिल्या रांगेत बसवलेलं. पडदा वर गेला, तर पोरगं चंदेरी कागदाचं जाकीट घालून उभं, आणि गाणं डिस्कोचं. काय नाचत होतं पोरगं! बघता बघता मानसिंगचे पाय खाली आपोआप ठेका धरायला लागले. शेजारी बसलेल्या कुणीतरी त्या पायांकडं बघितलं आणि हसलं. बस्स. मानसिंग भ्याला. गोळीला न भिणारा माणूस त्या हसण्याला भ्याला. उठला, स्टेजवर चढला आणि पोराचा हात पिरगाळून त्याला सगळ्या शाळेदेखत खाली ओढला. कोपरातनं काडकन आवाज आला, तो माईकनं मागच्या भिंतीपर्यंत पोचवला. आणि तोंडातनं निघालं काय? तेच. "नाच्या व्हायचंय व्हय रं?"

हाड जुळलं, पण हात पुरता सरळ झाला नाही. पुढं जयराज भरतीला उभा राहिला. पळण्यात पहिला, छाती झकास. डॉक्टरनं हात पुढं कर म्हटलं आणि कोपर बघून बाजूला काढला. तीनदा गेला, तीनदा परत आला. ज्या गावात फौजेत न गेलेल्याला पोरगी मिळताना मारामार, तिथं तो मोटरी दुरुस्त करत राहिला. बापाच्याच घरात, माडीवर. बापाशी बोलणं कामापुरतं, व्हय आणि न्हाई.

दोन वर्षांमागं गावानं ठराव केला. रोज संध्याकाळी सातला ग्रामपंचायतीचा भोंगा वाजेल. तिथनं साडेआठपर्यंत गावात टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करावा, माणसांनी माणसाशी बोलावं. ठराव चांगला, पण पाळायला लावणार कोण? सगळ्यांनी मानसिंगकडं बघितलं. भोंग्याची किल्ली त्याच्याकडं आली. घरोघर फिरणाऱ्या कमिटीचा तो म्होरक्या झाला. पहिल्या चुकीला समज. दुसऱ्या चुकीला टीव्ही चावडीपुढं आणून फोडायचा. हा दुसरा भाग त्याचाच.

पहिला बळी लालासाहेब. दुधाच्या डेअरीवर माप घालणारा, गरीब गाय माणूस. क्रिकेटची मॅच, शेवटची ओव्हर. तो हात जोडून म्हणाला, "हवालदार, एवढी ओव्हर हू द्या." मानसिंगनं पहारीच्या एका घावात टीव्हीची काच फोडली आणि लालासाहेबाला सुनेदेखत कानफटवला. नंतर त्यालाच कमिटीत घेतला, वचक बसावा म्हणून. गावात पोरं खरंच अभ्यासाला लागली, हेही खोटं नाही.

आणि एका सोमवारी, जुने सिनेमे लावणाऱ्या चॅनलवर खालनं पट्टी सरकली. शुक्रवारी, साडेपाच वाजता. तेच नाव.

मानसिंगनं चहा तसाच बाजूला ठेवला. त्यानं हिशेब घातला: जाहिराती धरून मध्यंतर सातला. म्हणजे चाळीस वर्षं राहिलेला अर्धा भाग नेमका भोंग्यानंतर! सांगलीला विश्रामबागेत मेव्हणा होता. पण मेव्हण्याच्या सोफ्यावर, त्याच्या पोरींदेखत, असला सिनेमा? त्यापेक्षा फाशी बरी. मग दुसरी वाट काय? मनुबाई लेकीकडं गेली होती, जयराज रोज नऊशिवाय येत नव्हता. वाट एकच होती.

शुक्रवारी त्यानं खिडक्या लावल्या, फटींना गोधड्या लावल्या आणि पहिला अर्धा भाग बघितला. तसाच होता, भिकार आणि झकास. सातला जाहिराती लागल्या तसा पळत जाऊन भोंगा वाजवला, लालासाहेबाला म्हणाला, "ताप भरलाय. फेरी तुमी मारा," आणि पळत परत.

मध्यंतरानंतर तासभर सिनेमा भावांच्या लहानपणातच घोळत बसला, आणि आठला कुठं ढोल परत सुरू झाला. आवाज सहावर ठेवायचा ठरवलं होतं. पण दोन भाऊ समोरासमोर आले आणि अंगठा आपोआप बटनावर दाबला गेला. दहा. अठरा. तीस. घरातली भांडी वाजायला लागली.

दार वाजलं.

"हवालदार, आवं काढा आणलाय. बायकूनं दिलाय करून." लालासाहेब होता. मागं कमिटीतले दोघं. मग आवाज बदलला. "आत काय चाललंय?"

मानसिंगनं दार चार बोटं उघडलं आणि फटीत उभा राहिला. "काय न्हाई. जावा."

मागं ढोल घुमत होता. लालासाहेब कान देऊन ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. "माझी एक ओव्हर ऱ्हायली व्हती. मी हात जोडलं व्हतं. काय म्हनला व्हता तुमी?"

मानसिंगनं दार दोन बोटांवर आणलं.

"नियम म्हंजी नियम, म्हनला व्हता. सरका. टीव्ही काढू द्या."

"आर्धा तास दे, लालासाहेब." मानसिंगच्या तोंडाला हे शब्दच नवे होते. "पाया पडतो तुझ्या. आर्धाच तास."

लालासाहेब थबकला. तो गेलाही असता, देव माणूस होता. पण मागच्या दोघांतला एक फिस्सकन हसला. "हवालदार डिस्को बघतंय!"

हात उठला. तो ठोसा हसणाऱ्याला नाही, पुढं उभ्या लालासाहेबाला बसला. नाक फुटलं. गरम काढा दोघांच्या अंगावर उडाला आणि काढ्याच्या तांब्यानंच लालासाहेबानं मानसिंगची भुवई फोडली. दोन वर्षांचा राग होता त्यात. एकदा हाणला, दोनदा हाणला. हाणताना रडत होता. मानसिंगनं त्याची मान दाराच्या चौकटीवर आपटली. दुसऱ्यानं आत हात घातला तसं दार दाबलं. बोटं चेमटली, माणूस डुकरासारखा ओरडला. तिसऱ्यानं ओट्यावरची पहार उचलली. डोळ्यांत रक्त उतरलेलं, बनियन फाटून लोंबतंय, तरी मानसिंग उंबऱ्यातनं हलेना. तीन माणसांना एकटा लाथाबुक्क्यांनी मागं रेटत होता. आणि पाठीमागं त्याचा सिनेमा चालला होता! पाय थपथपत होते, बाई किंचाळत होती, कुणीतरी "भाई!" म्हणून हंबरडा फोडला. मान वळवायची सोय नव्हती. मान वळली की तिघं आत येणार आणि टीव्ही जाणार.

गोळीचा आवाज आला.

मानसिंगनं मान वळवली. वळवणारच की! काही दिसायच्या आत पहार बरगडीत बसली. तो वाकला, आणि वाकलेल्या अंगानंच पहार हिसकावून फिरवली. पुढच्याच्या गुडघ्यावर बसली. मग मात्र तिघंही मागं सरले. गल्लीत दारं उघडली होती, माणसं उभी होती. कुणी जवळ आलं नाही. लालासाहेबानं तोंडातलं रक्त थुंकलं. "सकाळी चावडीम्होरं बघू," म्हणाला आणि लंगडणाऱ्याला धरून गेला.

मानसिंगनं दार लावलं. एक डोळा मिटलेला, श्वास घेतला की आत काहीतरी टोचत होतं. भिंतीला धरून धरून तो खोलीत आला. टीव्हीवर केसांच्या तेलाची जाहिरात होती.

दिवाणावर जयराज बसला होता.

"कवा आलास?"

"झाला आर्धा तास. मागल्या दारानं."

मानसिंगला एकदम आठवलं की तीन माणसं अंगावर असताना हे पोरगं आत बसून होतं. त्याचा राग आला नाही. दुसरंच काहीतरी डोक्यात होतं. "बगितलास? समदा?"

"व्हय. शेवटाला पाटी येस्तोवर."

मानसिंग खाली फरशीवरच बसला. हनुवटीवरनं रक्त टपटप मांडीवर पडत होतं. "कोन थांबलं रं आधी?"

जयराज बापाकडं बघत राहिला. वाकडा हात त्यानं मांडीवर घेतला होता. मग बोलला, आणि इतक्या वर्षांत एवढं लांब तो बापाशी बोललाच नव्हता.

"गॅदरिंगात आमी नाच बसवला व्हता. तुमी मधनंच वडून न्हेलं. त्यात फुडं काय व्हतं, ठावं हाय तुमाला?"

"न्हाई."

"वीस दिस बसवला व्हता. लय भारी शेवट व्हता म्हनं. आता माझ्या बी ध्यानात न्हाई."

तो उठला. मोरीतनं पातेल्यात पाणी आणलं, जुन्या लुगड्याचं एक धडपं आणलं, दोन्ही बापापुढं ठेवलं आणि जिन्याकडं निघाला.

"जयराज," मानसिंग म्हणाला. "बाळा. एवढं सांग की रं."

जिन्यावर पावलं थांबली. मानसिंगनं उठायला बघितलं, बरगडीतनं कळ आली आणि तो परत खाली बसला. मग पावलं वर गेली, आणि माडीच्या दाराची कडी आतनं लागली.