आजोबांची सावली

"दादाजी को हटा दीजिए," शाळेचे डायरेक्टर फोनवर म्हणाले. "पेरेंट्स को मॉडर्न फीलिंग चाहिए."

दुसऱ्या दिवशी सकाळी फूलबागेजवळच्या हॉलमध्ये त्यांची जाहिरात-फिल्म दाखवायची होती. फिल्म आमची, आजोबा त्यातलं एक पात्र. दाल बाजारात किराण्याच्या दुकानाच्या वर माझा छोटा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आहे. मी "हो सर" म्हटलं. मी नेहमीच म्हणतो.

कॉम्प्युटरवर फिल्म करताना सगळं चित्र एकदम काढत नाहीत. पात्रं वेगळी, मागचं अंगण वेगळं, जमिनीवरच्या सावल्या वेगळ्या. मशीन ही चित्रं तयार करतं, त्याला रेंडर म्हणतात. मग ती एकावर एक बसवायची, ते कंपॉझिटिंग. सावली वेगळी असली की ती गडद-फिकी करायला सगळं पुन्हा रेंडर करावं लागत नाही.

लाइटिंगचं, म्हणजे उजेड-सावल्यांचं काम नितीनकडे होतं. हैदराबादची नोकरी सोडून तो आईसाठी परत आला होता. काकूंना दिसणं फार कमी झालंय. "इथेच काम देतो, ये," असं मीच त्याला म्हटलं होतं.

सुरुवातीलाच तो म्हणाला होता, "दादा, प्रत्येकाची सावली अलग काढू या. नंतर झंझट होईल."

"सगळ्यांची एकत्रच काढ. नाहीतर मशिनं अडकून पडतात," मी म्हणालो होतो.

आता आजोबा फिल्ममधून एका क्षणात गेले. त्यांची सावली मात्र अंगणात काठी टेकून उभीच राहिली. तिच्यातूनच छोटी मुलगी दोरीवरच्या उड्या मारत जात होती. दोन्ही सावल्या मिळून एकच काळा आकार झालेला. त्यातलं आजोबांचं कुठलं आणि मुलीचं कुठलं, कसं सांगणार?

"दोन दिवस माग ना," नितीन म्हणाला. "सावल्या पुन्हा रेंडर करतो."

"वेळ मागितला तर पुढच्या फिल्म्स दुसऱ्याला देतील. हातानंच पुसून टाक."

"दादा, मुलीची पण पुसली जाईल."

"कोण बघतंय सावलीकडे!"

त्यानं एकेक फ्रेम पुसली. आमच्या मॉनिटरवर बरं दिसलं. हॉलमधला पडदा मोठा होता.

"रुकिए," डायरेक्टर म्हणाले. "बच्ची की परछाई के पैर कहाँ हैं?"

मागून कुणीतरी हसलं. "चुड़ैल है क्या भई?" मग सगळेच हसले.

डायरेक्टर माझ्याकडे वळले. नितीन माझ्या शेजारीच उभा होता. निर्णय माझा होता एवढंच सांगायचं होतं.

"लाइटिंगवाले से छूट गया, सर," मी म्हणालो.

"तो लाइटिंगवाला बदलिए. फिर अगली फिल्म की बात करेंगे."

नितीन बाहेर निघाला. जिना उतरताना मी म्हटलं, "अरे, तेवढ्यापुरतं बोललो. सांभाळून घेतो मी."

"राहू दे, दादा," तो म्हणाला.

मी सांभाळलं नाही. डायरेक्टरना फोन करायला रोज नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. नितीन हैदराबादला गेला. काकू इथेच राहिल्या, सवयीच्या घराबाहेर त्यांना चालता येत नाही.

परवा धीर करून किला गेटला त्यांच्याकडे गेलो. खरं काय ते सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी दाराची चौकट चाचपत विचारलं, "कोण?"

"मी विलास, काकू."

"ये रे, बस. नितीन म्हणत होता, विलासदादाकडे काम कमी झालंय, त्याच्यावर ओझं नको म्हणून जातो. आता बरं चाललंय ना तुझं?"

"चाललंय," मी म्हणालो. आणि चहा न घेता निघालो.

शाळेच्या पुढच्या फिल्म्स आम्हालाच मिळाल्या. आता मी प्रत्येक पात्राची सावली वेगळी रेंडर करून घेतो. वेळ जास्त लागतो, पण सोय मोठी आहे. क्लायंटनं कुणालाही काढायला सांगितलं, की तो माणूस सावलीसकट निघतो. मागे काही उरत नाही.