ताईंचं भेव

माणूस ज्या ज्या गोष्टीला घाबरू शकतो, त्या सगळ्या गोष्टींना माझ्या मोठ्या नणंदबाई घाबरून झाल्या आहेत, आणि आता त्या अजून कुणाच्या ध्यानातही न आलेल्या गोष्टींना घाबरतात. चेष्टा नाही करत. लग्न होऊन साताऱ्याकडून नालवाडीत आले तेव्हापासून रोज बघते आहे. कुकर गॅसवर चढला की ताई अंगणात. शिट्ट्या होईपर्यंत शेजारणीशी अशा गप्पा मारतात, की वाटावं गप्पांसाठीच बाहेर आल्या. सावंगीच्या दवाखान्यात त्या लॅबमध्ये नोकरीला आहेत, लॅब वरच्या मजल्यावर, आणि लिफ्टचं वावडं. एकदा गुडघा धरला म्हणून मोठ्या डॉक्टरांनी मायेनं लिफ्टमध्ये ओढून घेतलं, तर वर पोचेस्तोवर ताईंनी डॉक्टरांच्या ॲप्रनचं टोक सोडलं नाही, आणि दार उघडल्यावर आभार मानायचे सोडून विचारलं, "सर, आता खाली कशी जाऊ?" अनोळखी नंबरावरून फोन आला की फोन माझ्यापुढे धरतात. "कोन असन वो?" मी म्हणते, उचला, म्हणजे कळेल. "आन् कळल्यावर काय करू?"

गंमत म्हणजे ताई सिनेमाकडे वळल्या त्यासुद्धा भीतीपोटीच. कामावर गेल्या की त्यांच्या मनात शंका सुरू व्हायच्या: गॅस बंद केला का, नळ नीट पिळला का, कुलूप लागलं का. मग धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नवा फोन घेऊन दिला तेव्हा ताईंनी युक्ती काढली. निघण्याआधी त्या गॅसचं बटण, नळ, कुलूप सगळ्याचा व्हिडिओ काढायला लागल्या. लॅबमध्ये जीव घाबरा झाला की फोन काढून कुलूप बघायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. असं करता करता कधीतरी कुलपाच्या मागचं दार दिसायला लागलं, दारातली आई दिसायला लागली, आणि बाईंना नादच लागला. बाजारात चित्रीकरण, दवाखान्याच्या शेडमध्ये चित्रीकरण. मात्र एक भानगड होती. माणसांसमोर फोन धरायची छाती नाही. त्यामुळे ताईंच्या सगळ्या सिनेमांत फक्त पाठी. जयंतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ त्यांनी मोठ्या कौतुकानं दाखवला, तर निळ्या फेट्यांचे शेमले, लेझीम धरलेले कोपर आणि एका गृहस्थांची पाठ, जी माझ्या नवऱ्याची आहे हे मला शर्टावरून कळलं. "तोंडं कुठायत, ताई?" म्हटलं. म्हणाल्या, "तोंडं पाहून राह्यली असती मले."

पण त्या पाठींमध्ये एक पाठ पुन्हा पुन्हा यायची, ती माझ्या सासूबाईंची. ह्या घरात आले त्या पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं, की सासूबाई हसायच्या आधी उठतात, खिडकी लावतात, मग बसून हसतात. विनोद तोवर शिळा होतो, पण त्या मनापासून हसतात, पदरानं डोळे पुसतात आणि खिडकी पुन्हा उघडतात. मला वाटलं, वय. ताईंनी एकदा सांगितलं ते असं. नवी सून असताना आई शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बायकांबरोबर कशाला तरी मोठ्यानं हसल्या. त्याच वेळी तिकडून मोठ्या वाड्यावरचा माणूस चालला होता. त्याला वाटलं, आपल्यालाच हसली. आईंना तो काही बोलला नाही. माझ्या सासऱ्यांना वाड्यावर बोलावून घेतलं आणि तिथल्या अंगणात उन्हात दिवसभर उभं केलं. संध्याकाळी ते घरी आले ते एक अक्षर बोलले नाहीत. ते गाव कधीच मागे, तळेगावच्याही पलीकडे राहिलं, सासरे वारले, नालवाडीत सगळे जयभीम घालणारे शेजारी, तरी आईंची खिडकी काही सुटली नाही. "ह्याचा सिनेमा कराचा हाये मले," ताई म्हणाल्या. "आई गेली तं हे कोनाले मालूम राहीन?" ताईंच्या तोंडून 'कराचा हाये' असं काही मी प्रथमच ऐकलं. एरवी सगळं 'नको'च.

म्हणून ती जाहिरात मला दिसली तेव्हा मी लगेच त्यांना पाठवली. ज्या समाजघटकांना पडद्यावर पुरेसं प्रतिनिधित्व मिळालेलं नाही, त्यांतल्या नवोदित दिग्दर्शकांसाठी विकास कार्यक्रम. निवड झाली तर मोठ्या शहरात राहून जाणत्यांच्या देखरेखीखाली आपला सिनेमा घडवायचा. ताईंनी ती इतक्या वेळा वाचली की पाठ झाली, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या थेट सेतू केंद्रावर गेल्या. कशाला? दाखला काढायला! पुरेसं प्रतिनिधित्व न मिळाल्याचा दाखला! खिडकीतल्या माणसानं विचारलं, "जातीचा हाये, उत्पन्नाचा हाये, रहिवासाचा हाये. हा कोनता नवीन काढला, ताई?" ताईंनी घामाघूम होत समजावलं, की ज्यायचं कोठीच काही दाखवत नाईत, अशा लोकायचा. तो बिचारा विचारात पडला. साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, "तसा दाखला काढाचा म्हटला तं ह्या रांगेतल्या सगळ्यायलेच द्या लागन." रांग म्हणे हसली. ताई नाही हसल्या. दाखला नाही म्हणजे अर्ज बाद, ह्या धास्तीनं त्या दिवशी जेवल्या नाहीत. शेवटी त्यांच्या देखत मी अर्ज पाठवला, सोबत पाठींचे व्हिडिओ जोडले, आणि अर्ज गेल्याचा ताईंनी व्हिडिओ काढला.

मग मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि घरातली हवाच बदलली. फोनवरच, पण व्हिडिओ लावून समोरासमोर बोलायचं होतं. ताईंनी हातपाय गाळले. मी तयारी करून घ्यायला बसले. 'माझ्या लघुपटाचा विषय भीती हा आहे', असं वाक्य मी बसवलं. ताई म्हणून बघायच्या आणि अडखळायच्या. "भीती नाई निंगत वो तोंडातून. भेव म्हनू का?" मी म्हटलं, अहो ताई, शहरातली माणसं, पुस्तकी मराठी बोला. तर म्हणाल्या, "भीती पुस्तकात राह्यते. मले भेव लागते." मी हट्ट सोडला नाही. मुलाखतीच्या दुपारी उन्हाचा कहर, पण आवाज नको म्हणून कूलर बंद. ताई आतल्या खोलीत, आणि दाराबाहेर फरशीवर मी आणि सासूबाई तांदूळ निवडत, म्हणजे तांदळात नुसती बोटं फिरवत.

सुरुवातीला ताईंची ततपप. 'माझ्या लघुपटाचा विषय' इथवर आल्या आणि गाडी थांबली. पुन्हा तिथूनच निघाल्या, पुन्हा थांबल्या. मी डोळे मिटले, संपलं म्हटलं. तेवढ्यात पलीकडच्या बाई म्हणाल्या, की तुमच्या सगळ्या चित्रणात माणसं पाठमोरी आहेत, ही तुमची शैली आम्हाला फार आवडली, ती कशी सुचली? मग ताईंचा आवाज, "शैली नाई जी. भेव." "काय म्हणालात?" "भेव. समोरून कराले भेव लागते, म्हून मांगून करतो." आणि मग ताई बोलतच सुटल्या. आईची खिडकी, धुरा, वाड्यावरचा माणूस, उन्हात उभे सासरे, सगळं आपल्या बोलीत, एकदाही न अडखळता. बाहेर सासूबाईंनी माझं मनगट आवळून धरलं. "सांगून राह्यली वो ते," त्या कुजबुजल्या. "सगळ्यायले सांगून राह्यली. आता काय होईन?" त्यांच्या डोळ्यांत अगदी खरी, ताजी भीती होती. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

निवड झाली. ताईंना वाटलं चुकून झाली, त्यांनी तिकडे फोन करून नाव नीट तपासायला सांगितलं. नाव बरोबर होतं. मग त्यांनी जाहीर केलं, मी जात नाई. शहरात रस्ता ओलांडता येणार नाही, जेवण सोसणार नाही, लोक हसतील, आणि आईला इथं काही झालं तर? मी समजावलं, नवरा चिडला, ताईंनी पांघरूण ओढून घेतलं. सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या उठल्या, लेकीजवळ गेल्या आणि पांघरुणावर हात ठेवून म्हणाल्या, "मले बी लय भेव लागून राह्यलं. तू तं माह्यावरच गेली. भेव काई जात नसते, बाई. भेत भेत जाजो. पन जाजो."

ताई गेल्या. स्टेशनावर गाडी हलेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. सिनेमा होईल की नाही, झाला तर कुणी बघेल की नाही, आणि गावाकडं कुणी बघितला तर काय म्हणेल, मला माहीत नाही. परवा त्यांचा फोन आला होता. मी विचारलं, कशा आहेत तिथली माणसं? हळू आवाजात म्हणाल्या, "इथं सगळेच भेतात वो. फक्त कोनी सांगत नाई." मी म्हटलं, तुम्ही सांगा. "सांगून राह्यली," म्हणाल्या. फोन ठेवून मी कुकर चढवला, तर अंगणात पळायला कुणी नव्हतं. ताईंवाचून घर फार मोठं वाटतं.