शून्याचं रिटर्न अन् मॅडमचा आवाज

टॅक्सचं नाव वाचल्याबरोबर तुम्ही जांभईले तोंड उघडलं असन. बंद करा, माशी जाईन. धाड पडन अशी आशा असन तं तेही सोडा. यात फक्त आमच्या टॅक्सवाल्या मॅडम आहे, माहे बाबा आहे, अन् मी आहो. मले कोणाचाही आवाज काढता येते.

समुद्रपूरले आमचं बिछायत केंद्र. मंडप, खुर्च्या, गादी, सैपाकाचे मोठे गंज. आषाढ लागला का लग्नं बंद. गणपती-दुर्गेचा मंडप बाबा फुकट देते, सेवा म्हणून. मॅडमचा फोन आला का बाबा म्हणे, "धंदाच नाई तं रिटर्न काऊन भरू? सीझनमंदी येतो." असे सहा महिने गेले अन् जीएसटीचा नंबरच रद्द झाला. वर्ध्याच्या एका कॉलेजचा पुढच्या वर्षभराचा मंडपाचा ठेका नुकताच आमच्याकडं आलता. कॉलेजवाले म्हणाले, नंबर नाई तं ठेका नाई.

मॅडमचं ऑफिस वर्ध्याले, एका झेरॉक्सच्या दुकानावर. मी बाबाले घेऊन गेलतो. वाटलं, आता धुलाई होते. पण मॅडमनं पहिले पाणी देल्लं, मग इचारलं, "शाळेत गेलते ना? मास्तर हजेरी घे, तवा अभ्यास केला नसला तरी 'हजर' म्हणत होते का नाई?"

"म्हणत होतो."

"मंग धंदा शून्य असला तं 'शून्य' म्हणा लागते. चूप बसले, म्हणून नाव कटलं."

बाबाले सहा महिन्यांत जे समजलं नाई ते तिथं समजलं. मॅडमचं सारं असंच. रिटर्न भराच्या आधी गिऱ्हाइकाले समोर बसवून मोठ्यानं वाचाले लावते. सही तुमची, तं वाचा बी तुम्हीच. आमच्या चौथी शिकलेल्या बाबानं चष्मा लावून आख्खा कागद वाचला, अन् दोन जागी अडून प्रश्न इचारले. मले तं कोणत्या मास्तरनं इतकं नीट शिकवलं नाई. अन् मॅडमचा एक नियम साऱ्यांले पाठ: "ओटीपी फक्त मले सांगाचा, अन् मी स्वतः बोलली तरच."

मॅडमनं जुने रिटर्न भरले, नंबर परत मिळवाचा अर्ज तयार करून ठेवला. अन् शेवटच्या तारखेलेच त्यायच्या आईले नागपूरच्या दवाखान्यात न्या लागलं. त्यायचा फोन बंद. ऑफिसात मी अन् कॉम्प्युटरवाली ताई. अर्ज धाडाले फक्त ओटीपी पाह्यजे होता, अन् तो आलता बाबाच्या मोबाईलवर. बाबा समुद्रपूरले मंडप बांधून राह्यले होते.

मी फोन लावला. "बाबा, ओटीपी सांगा."

"नाई."

"बाबा, मी बोलून राह्यलो. तुमचा पोरगा."

"म्हणूनच नाई. मॅडमनं सांगतलं, पोटच्या पोरालेही देऊ नका." अन् फोन ठेवला.

पाच वाजले होते. मी ऑफिसच्या फोनवरून परत लावला, नाक जरा दाबलं अन् मॅडमसारखं म्हटलं, "हं, बोला. घाई नका करू. एकेक आकडा सांगा."

बाबानं एकेक आकडा सांगतला. वरून म्हणाले, "मॅडम, मघा आमचं पोट्टं मागत होतं, म्या नाई देल्ला."

"चांगलं केलं," मी म्हटलं. ताईनं टेबलावर डोकं टेकवलं.

अर्ज गेला. पुढं नंबरही परत मिळाला, ठेका राह्यला. पण त्याच्या आधी मॅडम नागपूरहून आल्या, अन् ताईनं सारं सांगून टाकलं. मले वाटलं, मॅडम हसतीन.

"काढ बरं माहा आवाज," त्या म्हणाल्या. मी नाक दाबाले बोट उचललं अन् तसंच खाली घेतलं.

"तुह्या बाबानं पोराले नाई म्हटलं. इतके वर्ष मी लोकायले जे शिकवून राह्यली, ते त्या माणसानं पक्कं धरलं. अन् तू त्यालेच फसवलं, माह्या नावानं. उद्या कोणी चोर असाच आवाज काढन, तं तो माणूस काय करन?"

"पण मॅडम, तारीख निघून..."

"दवाखान्याचा नंबर ताईकडं होता. इचारलं तिले?"

नव्हतं इचारलं.

"आता समुद्रपूरले जा, बाबाले खरं सांग. मंग हे रजिस्टर घे. माह्या साऱ्या गिऱ्हाइकाले एकेक फोन करजो, का आजपासून फोनवर ओटीपी मॅडमलेही देऊ नका, ऑफिसात येऊन द्या. अन् आपल्या आवाजात बोलजो."