सर्व्हर बंद केला तेव्हा

कोणी अंगात येण्याच्या, मागून हाका ऐकू येण्याच्या गोष्टी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचो. आजही लिंबू-मिरची सुचवणाऱ्यांनी कृपया प्रतिक्रिया देऊ नये, माझं डोकं फिरतं. पण जे घडलं ते घडलं... आणि तेही भर दुपारी, जळगावात, मे महिन्यात.

माझा धंदा वेब होस्टिंगचा. म्हणजे रावेरचे केळीवाले, अमळनेरचे क्लासवाले यांच्या वेबसाइट माझ्या सर्व्हरवर चालतात. सर्व्हर कसला — घरात कपाटाशेजारी ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर! उन्हाळ्यात तो तापून बंद पडायचा आणि लोक फोनवर माझा उद्धार करायचे. शेवटी वैतागून सेकंडहँड पण दणकट सर्व्हर घेतला आणि त्याच्यासाठी जागा शोधायला लागलो.

ओळखीच्या एका शेठजींची कापसातून सरकी काढायची जिनिंग मिल बंद पडली होती. तिथली मागची खोली बघायला गेलो. दार उघडलं आणि खुळाच झालो... आत गारवा! ना एसी, ना कूलर, डोक्यावर तापलेले पत्रे, आणि आत गार. जळगावच्या माणसाला मे महिन्यात अशी खोली दाखवा, तो पुढे काही विचारतच नाही. मीही विचारलं नाही. शेठजी म्हणाले, "घ्या, वापरा. आमच्या काही कामाची नाही."

सर्व्हर बसवला, इंटरनेटची लाइन ओढली, सगळ्या साइट त्यावर हलवल्या. मशीन झकास चालायला लागलं. फक्त एक विचित्र होतं. काम वाढलं की मशीन तापतं, पण इथे मशीनमधल्या तापमानाच्या सेन्सरचा आकडा खोलीतल्या हवेपेक्षाही खाली जायचा. असं होऊच शकत नाही. मी म्हटलं, सेन्सर गंडलाय, मरू दे.

माझे वडील, आबा, दुपारी तिथेच येऊन बसायला लागले. "आठे बेस शे रे," म्हणायचे, म्हणजे अहिराणीत ‘इथे बरं आहे’, आणि खुर्चीत डुलकी काढायचे. मला बरंच वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला ऊन सोसत नाही.

मग गिऱ्हाइकं वाढली, रॅम वाढवायची वेळ आली. सर्व्हर बंद केला आणि धूळ उडवायला बाहेर ओट्यावर नेला. आबा आतच झोपले होते. बायको, मीना, डबा घेऊन आली, मी रॅम बसवत तिच्याशी बोलत होतो. तेवढ्यात आतून आवाज आला —

"कोन शे रे? मना हात सोडत नही..."

धावत गेलो. आबा खुर्चीत ताठ, ओठ निळे, दात वाजत होते. उजवा हात हवेत पुढे ओढल्यासारखा. धरला तर बर्फ! आबा काडीसारखे हलके, पण मी आणि मीनाने दोघांनी जोर लावला तरी उठेनात. मी त्या रिकाम्या खोलीत आईबहिणीवरून शिव्या दिल्या, काय काय बोललो आठवत नाही. एकदम कोणीतरी सोडून द्यावं तसे तिघंही दारात पडलो.

डॉक्टरांनी ताप मोजला आणि माझ्यावरच खेकसले, "यांना कुठे ठेवलं होतं? बर्फाच्या कारखान्यात?"

संध्याकाळी शेठजींच्या दुकानात जाऊन तमाशा केला. नुसतं "आबांना त्या खोलीत..." एवढंच म्हणालो होतो, तर त्यांच्या तोंडून निघालं, "मशीन बंद केलं होतं का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी गल्ल्याला कुलूप लावलं आणि मागच्या दाराने निघून गेले. त्यानंतर मी दिसलो की रस्ता बदलतात. बदलू देत, मला त्या माणसाचं तोंड बघायचं नाही.

मला वाटतं, मशीन चालू होतं तोवर त्या खोलीला ऊब मिळत होती. मी ते बाहेर काढलं आणि आत गरम असे एकटे आबाच उरले. असं लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण दुसरं कारण अजून कोणी देऊ शकलेलं नाही, ना डॉक्टरांनी, ना माझ्या अकलेने.

सर्व्हर परत घरी आणलाय. तापतो, बंद पडतो, लोक शिव्या घालतात. घालू देत.

आबा आता भर दुपारी अंगणात बसतात, स्वेटर घालून, मफलर गुंडाळून. मी शेजारी घामाने निथळत असतो. ते माझ्याकडे बघून विचारतात, "आज ऊन नही पडनं का रे?"

मी म्हणतो, "पडेल आबा, थोड्या वेळाने पडेल."