झेक व्याह्यांना जबल शम्स दाखवताना

ओमानमधल्या सीबहून निझवा, तिथून जबल शम्सचा डोंगर आणि परत. तीन माणसं, दोन मुक्काम, गाडी घरची. पेट्रोल, हॉटेलं, जेवणं आणि किल्ल्याची तिकिटं धरून सगळं पावणेदोनशे रियालात बसतं. कमेंटमध्ये पहिला प्रश्न हाच येतो म्हणून आधीच सांगून टाकलं. या हिशेबात दोन गोष्टी धरलेल्या नाहीत: एक पैठणी, आणि गुहागरच्या मंगल कार्यालयाला दिलेला विसार. पैठणी घरात आहे. विसार परत मिळत नाही, हे कार्यालयवाल्याने मला फोनवर दोनदा समजावलं आणि वर म्हणाला, "भाऊ, तुमच्यासारख्याने आधी पोरीला विचारायचं ना!"

तर मुळापासून सांगतो. आमची नेत्रा झेक देशात, ब्रनो नावाच्या शहरात असते. शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. दीडेक वर्षापूर्वी फोनवर म्हणाली, "बाबा, एक मुलगा आहे. टोमाश." मला पंधरा दिवस अन्न गोड लागलं नाही. मग म्हटलं, ठीक. अट एकच, लग्न गावी, मे महिन्यात, आपल्या पद्धतीने. ती म्हणाली, "बघू." त्या 'बघू'ला मी होकार धरलं आणि कार्यालय सांगून ठेवलं.

यंदा फेब्रुवारीत थंडीला कंटाळून मुलाच्या आईवडिलांचं ओमानला यायचं ठरलं. पोरांना रजा नव्हती, दोघंच येणार होते. मला तर संधीच चालून आल्यासारखं झालं. मी इथे एसी फिटर म्हणून आलो, आता माबेलाला स्वतःचं वर्कशॉप आहे. एवढ्या वर्षांत धंद्याने एक गोष्ट शिकवली. काम हवं असेल तर सुपरवायझरपुढे घसा कोरडा करायचा नाही, थेट अर्बाबला, म्हणजे मालकाला गाठायचं. नेत्रा आणि टोमाश म्हणजे सुपरवायझर. अर्बाब आमचे व्याही. सहलीत त्यांच्याकडून गावच्या लग्नाला हो म्हणवून घेतलं की 'बघू' खलास.

तयारी जोरात केली. झेक म्हणजे काय, तर बिअर, प्राग, काचेची झुंबरं आणि टेनिस. शिवाय शाळेत आपण घालायचो ते काळे बूट, ज्या कंपनीला अख्खा भारत आपली समजतो, ती मुळात त्यांची. 'रोबो' हा शब्दही त्यांनीच जगाला दिलेला. एवढं पाठ करून मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ऐकवलं. "अर्धा झेक मला तोंडपाठ आहे," असं मी छाती पुढे काढून म्हणत होतो.

व्याही पावेल, जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. उंच, गप्प, दाढी पांढरी. विहीणबाई हाना शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, पावेलचं माझ्यासारखं, म्हणजे काम चालवणारं. आमची सुनंदा सोबत आली नाही, तिला घाटात उलट्या होतात. "अहो, फार बोलू नका हं," एवढं तिने गाडीच्या खिडकीतून सांगितलं.

गुरुवारी दुपारी निघालो. सीबहून निझवा दीड तासाचा रस्ता, तळहातासारखा गुळगुळीत. फंजाच्या पुढे दोन्ही बाजूंना उघडे, तपकिरी डोंगर सुरू होतात. वाटेत मल्याळी कॉफीशॉपला थांबून करक चहा आणि अंडा-पराठा जरूर घ्या, तिघांचा मिळून रियालभर झाला तर डोक्यावरून पाणी. चहा हातात आल्यावर मी सुरू झालो.

"प्राग फार सुंदर आहे म्हणे."

"हो," हाना म्हणाल्या. "आम्ही कमी जातो. तिथे पर्यटक फार."

"आणि बिअर! जगात एक नंबर!"

पावेल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आमच्याकडे द्राक्षं. वाईन. आम्ही मोराव्हियाचे. पण लोक बिअरच विचारतात."

"टॅक्सीवाला विचारतो, दातांचा डॉक्टर विचारतो," हाना म्हणाल्या. "तोंडात यंत्र असताना विचारतो."

मी हसलो, तेही हसले. मग मी म्हटलं, "पोरांना रजा नाही मिळाली, वाईट झालं. माझं बरं आहे. मीच मालक, माझी रजा मीच मंजूर करतो. नेत्राचं काही असेल तर मी वर्कशॉपला कुलूप लावून विमानात बसेन."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. माझे कान तिखट आहेत, पण त्या बघण्यात आवाज नव्हता.

निझव्याला दारूचा परवाना असलेलं हॉटेल मुद्दाम निवडलं होतं. पावेलसाठी त्यांच्याच देशाची बिअर मागवली. महाग असते, पण व्याह्यांसाठी काय. पावेलने थँक्यू म्हणून ग्लास बाजूला सरकवला आणि चहा मागितला. मला वाटलं आता आपुलकीचं काहीतरी बोलावं. म्हणून लहानपणीची गोष्ट सांगितली. आमच्या गावच्या शाळेत रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं यायची, आम्ही त्यांची कव्हरं वह्यापुस्तकांना घालायचो. "तेव्हापासून तुमचं-आमचं नातं आहे. तुम्ही, रशिया, सगळे आमचे जुने दोस्त. झेकोस्लोव्हाकिया नाव आम्हाला शाळेत पाठ होतं."

पावेलने चहाचा कप बशीत ठेवला. हाना म्हणाल्या, "स्लोव्हाक लोक वेगळे झाले, त्यालाही आता किती वर्षं झाली." मग थोड्या थांबून, भूगोल शिकवल्यासारख्या शांतपणे सांगायला लागल्या. त्या लहान होत्या तेव्हा, अडुसष्ट साली, एका सकाळी त्यांच्या गल्लीत रशियाचे रणगाडे उभे होते. वडील शिक्षक. नंतर त्यांच्यापुढे कागद आला, 'मित्र मदतीला आले' असं मान्य असल्याचा. त्यांनी सही केली नाही. शाळा गेली. पुढची वीस वर्षं ते एका इमारतीच्या तळघरात बॉयलरमध्ये कोळसा टाकत होते.

"घरात आम्ही हळू आवाजात बोलायचो," हाना म्हणाल्या. "शेजारी ऐकतील म्हणून. अजून कधीकधी बोलते."

मी सॉरी म्हटलं. पावेल म्हणाला, "ठीक आहे. तुम्हाला माहीत नव्हतं." इतक्या सवयीने म्हणाला, की हे वाक्य त्याने कितव्यांदा वापरलं असेल कोण जाणे. इथे मला दुकानदार "इंडियन? केरला?" विचारतात तेव्हा मीही असाच "नो, महाराष्ट्रा" म्हणतो. पुढचं "आह, बॉम्बे, फिल्म!" मी ऐकूनही घेत नाही.

शुक्रवारी सकाळी निझव्याचा बकरी बाजार. उजाडताच पोचा, नऊनंतर काही उरत नाही. मधे गोल रिंगण, विकणारे दोरी धरून बकऱ्या फिरवत ओरडतात, घेणारे दोन्ही बाजूंना बसलेले. इथे पावेल एकदम दुसराच माणूस झाला. रिंगणाच्या कडेला वाकून बकऱ्यांचे खूर बघायला लागला. एका म्हाताऱ्या ओमानीने आपल्या बोकडाचं तोंड उघडून त्याच्यापुढे धरलं. पावेलने दात बघितले आणि मान हलवली.

"तो म्हणतोय दोन वर्षांचा," मी सांगितलं.

"चार," पावेल म्हणाला.

म्हाताऱ्याने मला विचारलं, "हा कुठला?" मी म्हटलं, "झेक." शेजारी उभा होता तो तरुण म्हणाला, "चेचेन? मुसलमान?" पण म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने अंगातला पायघोळ दिश्दाशा वर करून दोन्ही गुडघे दाखवले. "तशीक! तेप्लित्से! गरम पाणी! हे गुडघे तिथे गेले होते." पोराने त्याला त्या झेक गावी, गरम पाण्याच्या झऱ्यांवर महिनाभर उपचाराला नेलं होतं. जेवण बेकार, पाऊस रोज, पण डॉक्टरीण देवमाणूस, असं त्याने हातवारे करून सांगितलं. पावेल पहिल्यांदा पोट धरून हसला. म्हणाला, "हा माणूस आमच्याकडे राहिला आहे." म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली आणि लगेच बोकड चार वर्षांचा असला तरी घे म्हणाला.

किल्ला बघा, पण तिकीट आता महाग झालंय. बाहेरच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, हलवा चाखायला देतात, लाजू नका. दुपारी अल हमरावरून जबल शम्सकडे निघालो. शेवटचा टप्पा खडीचा आहे, फोर बाय फोर नसेल तर नसतं धाडस करू नका. वर हवा पुण्याच्या डिसेंबरसारखी, स्वेटर लागतोच. मुक्कामाला साधी खोली घेतली, जेवण हॉटेलच्याच बुफेत, कारण दुसरीकडे कुठे काही मिळत नाही.

शनिवारी सकाळी दरीच्या कडेला गेलो. समोर जमीन एकदम संपते आणि किलोमीटरभर खाली वादी, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, दिसते. थर्मासमधला चहा ओतला, सुनंदाने दिलेल्या चकल्या काढल्या. मनात म्हटलं, यल्ला, चला, हीच बैठक. आपल्याकडे दोन्ही घरचे मोठे समोरासमोर बसून लग्न ठरवतात, ते मी समजावून सांगितलं. मे महिना, गुहागर, चारशे माणसं. तुम्ही पंधरा-वीस जण या, तिकिटं सोडून सगळा खर्च माझा. हुंडाबिंडा काही नाही. तुम्ही फक्त हो म्हणा.

दोघं आपापसात झेकमध्ये बोलले. नेत्राचं नाव चार-पाचदा आलं, टोमाशचं एकदाच. मला ते शुभ वाटलं.

पावेल म्हणाला, "नेत्राशी बोला. आजच बोला."

"ते होईलच. आमच्या घरात नेत्रा मला विचारल्याशिवाय काही करत नाही."

हाना उठून कठड्यापाशी गेल्या आणि दरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पावेलला म्हटलं, "व्ह्यू आवडलेला दिसतोय." एक शेळी आली आणि माझ्या हातातली चकली घेऊन गेली.

संध्याकाळी घरी पोचलो. रात्रीचं त्यांचं विमान. सुनंदाने सोलकढी, सुरमई, मोदक असा बेत केला होता. जेवणं झाल्यावर तिने देवासमोर पाट मांडला, हानांना कुंकू लावलं, ओटी भरली आणि पैठणी पुढे केली. पावेल आणि मी बाहेर सोफ्यावर. मला स्वयंपाकघराजवळचं सगळं ऐकू येत होतं.

"ही कशासाठी?" हानांनी विचारलं.

"तुम्ही विहीणबाई होणार ना आमच्या! मानाची साडी."

हाना म्हणाल्या, "मी ही अशी घेऊ शकत नाही. आमच्या घरात वीस वर्षं गोष्टी लपवल्या. मला ते पुन्हा नको. त्यांचं लग्न झालंय. सप्टेंबरमध्ये, ब्रनोच्या टाउन हॉलमध्ये. नेत्रा म्हणाली होती, बाबांना रजा मिळाली नाही म्हणून तुम्ही आला नाहीत. आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. परवा गाडीत कळलं, ठाऊक नाही."

सुनंदाने विचारलं, "साडी नेसली होती का?"

"हो. पिवळी."

"ती माझी," सुनंदा म्हणाली, आणि रडायला लागली.

पावेल माझ्याकडे बघत होता. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो काढून टाकला. असं करायला नको होतं, पण केलं. त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेलो. उतरताना हाना म्हणाल्या, "पोरांनी वाईट केलं. आम्हीही विचारायला हवं होतं." मी बॅगा ट्रॉलीवर ठेवल्या आणि हात जोडले. तेवढंच जमलं.

घरी येऊन नेत्राला फोन लावला. तिचं मराठी अडखळत येतं, इंडियन स्कूलमध्ये शिकलेली ती.

"बाबा, मी तीनदा सांगायचा ट्राय केला. एव्हरी टाइम तुम्ही हॉलचं बोलत होतात. मी म्हटलं छोटं पाहिजे, तुम्ही म्हणालात बँड कुठला."

"म्हणून रजेचं खोटं?"

"मग टोमाशच्या आईबाबांना मी काय सांगणार होते? की माझे बाबा ऐकत नाहीत?"

लग्नाला दोन साक्षीदार लागतात. टोमाशकडून त्याची बहीण. तिच्याकडून कोण, मी विचारलं. ऑफिसमधली मैत्रीण, म्हणाली. स्लोव्हाक आहे, सुट्टीत घरी गेली होती, खास बसने आली.

त्याला आता महिना झाला. सुनंदा तिच्याशी रोज बोलते, मी फोन पुढच्या खोलीत ऐकू येईल एवढा मोठा ठेव म्हणतो, पण घेत नाही. पावेलने त्या बकरी बाजारातले फोटो पाठवले, खाली काही लिहिलं नाही. मीही उत्तर दिलं नाही. वर्कशॉपमधले विचारतात, "भाऊ, व्याही खूश?" मी म्हणतो, "एकदम." जबल शम्सला जरूर जा. फेब्रुवारी उत्तम. मी मात्र त्या कड्यावर परत इतक्यात जाणार नाही.

काही वाचक विचारतीलच की ब्रनोला कसं जायचं. मस्कतहून एका थांब्याचं विमान घेऊन व्हिएन्ना गाठायचं, तिथून बसने दोनेक तास. शेंगेन व्हिसा लागतो, तीन महिने आधी अर्ज करा. ही सगळी माहिती नेत्राने मला पहिल्याच वर्षी सविस्तर लिहून पाठवली होती. तिला तिथे राहायला लागून सहा वर्षं झाली. मी अजून एकदाही गेलेलो नाही.