पाठीतलं पाणी

साडूच्या पाठीतून पाणी काढायला डॉक्टरीणबाईंना मी नाही म्हणालो.

म्हणणारा मी कोण? चाकणच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. तिथे प्रथमोपचाराचा कोर्स केला आणि खिशावर बिल्ला मिरवायला लागलो. तेवढ्यावर सासरवाडीने मला अर्धा डॉक्टर ठरवलं. उरलेला अर्धा मी स्वतःच झालो.

साडूला एचआयव्ही आहे, हे दोन्ही जोडप्यांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. गोळ्यांवर तो ठणठणीत होता. मग नवी नोकरी, उलटसुलट शिफ्ट, "आता काय होतंय राव" म्हणत त्याने गोळ्या सोडल्या. पुढे डोकं दुखायला लागलं ते थांबेचना. ताप, उलट्या. मी निदान केलं, पित्त. वर कोकम सरबत पाजलं.

तो बरळायला लागला तेव्हा हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "गोळ्या सुटल्या की असं होतं. मेंदूच्या आवरणाला बुरशीची लागण झालेली दिसते. पाठीतून पाणी काढू. तपासताही येईल आणि डोक्यातला दाबही उतरेल."

मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. "दाजी, तुम्ही सांगाल तसं."

"पाठीत सुई? न्हाई! पिंपळे गुरवात एकाचे पाय गेलेत त्यानं."

"काका, उशीर झाला तर डोळे जातील. जीवही जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बघू उद्या," मी म्हणालो. जणू माल उतरवायचा होता.

सकाळी साडूने बायकोला विचारलं, "लाइट गेली का गं?" खिडकीतलं ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं. मेहुणीने माझ्याकडे न बघता सही केली.

पाणी काढल्यावर डोक्यातला दाब उतरला. पुन्हा वाढला, पुन्हा पाणी काढलं. सलाइनमधून औषध चालूच होतं. तो वाचला. पायांना काहीही झालं नाही. पिंपळे गुरवचा तो माणूस तर परांचीवरून पडून अधू झाला होता, सुई त्यानंतरची. हे मला मागाहून कळलं. आधी विचारायला तोंड नव्हतं का मला?

डोळे मात्र परत आले नाहीत. सावल्या हलतात म्हणतो. आता रोज शिफ्ट सुटली की मी त्याच्याकडे जातो, समोर बसून गोळी घ्यायला लावतो. परवा धीर करून म्हटलं, "माझं चुकलं रे."

त्याने गोळी गिळली, तोंड पुसलं.

"तुझं थोबाड बघावं लागत नाही, तेवढं एक बरं झालं."